गाडीची मागची पायरी

चेवेळ्याच्या रस्त्यावर वडांची रांग विरळ होते, तिथे डाव्या हाताला एक कमान लागते. कमानीवर सोनेरी अक्षरांत वसाहतीचं नाव आहे आणि खाली वॉचमनची प्लास्टिकची खुर्ची. गेल्या रविवारी सकाळी साडेनऊला मी तिथे गाडी थांबवली. शेजारच्या सीटवर माझे वडील, अण्णा, पट्टा लावून बसले होते. महिनाभर त्यांचा एकच धोशा होता, एकदा मैदानावर ने. त्यांनी काच खाली करायला सांगितली, तोंड बाहेर काढून वास घेतला आणि म्हणाले, "सिमेंट."

"हो."

"लिदीचा वास अजिबात नाही?"

"आठ वर्षं झाली, अण्णा."

"माहितीये. विचारलं फक्त."

वॉचमन जवळ आला. कुणाच्या घरी जायचंय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, कुणाच्याच नाही, पूर्वी इथे घोड्यांचं मैदान होतं. "घोडे?" तो म्हणाला. "इधर तो क्लबहाऊस है, मॅडम." अण्णांकडे एकदा पाहून त्यानं दहा मिनिटांसाठी आडवा बांबू वर केला.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, दर पंधरवड्याच्या रविवारी, इथे घोडागाडी हाकण्याच्या स्पर्धा व्हायच्या. जमीन एका सेठची होती, हौसही त्याचीच. पंधरा-वीस गाड्या येत. गाडी हाकणारा पुढे बसतो, मागे पायरीसारख्या एका फळीवर दुसरा माणूस उभा असतो. अर्जाच्या छापील कागदावर त्याला ग्रूम म्हटलेलं असे. आमचा तबेला सांभाळणारे खाजाभाई त्याला सईस म्हणत. अण्णा त्यांच्या गावचा शब्द वापरत, मोतद्दार. चार हिवाळे ती मोतद्दार मी होते.

शहरातल्या घरून, नल्लकुंट्याहून, आम्ही पहाटेच निघत असू. तबेल्याच्या दारात पहिला वास भिजवलेल्या हरभऱ्याचा, त्यामागून एरंडेल चोळलेल्या चामड्याचा, आणि आत गेलं की घोडीचा. तो नेमका सांगता येत नाही. उन्हात टाकलेल्या गोधडीच्या जवळपासचा. घोडी कुमाईत रंगाची होती, अंग तांबूस, आयाळ काळी, कपाळावर नखाएवढा पांढरा ठिपका. चहाच्या गाळातली वेलचीची सालं तिला आवडायची, म्हणून खाजाभाई तिला इलायची म्हणू लागले. अण्णा वेलची म्हणत. ती दोन्ही नावांना कान हलवायची आणि कुणाकडेच यायची नाही.

अण्णा सरकारी दवाखान्यातले जनावरांचे डॉक्टर होते. निवृत्तीनंतर लोक तिरुपतीला जातात, अण्णांनी घोडी घेतली. आई तोवर गेली होती, त्यामुळे विरोध करायला घरात मी एकटी होते आणि मी केला नाही. एका वृत्तसंस्थेसाठी मी घरून बातम्यांची भाषांतरं करायचे. सकाळ मोकळी असायची.

काम ठरलेलं होतं. आधी खरारा, मानेपासून शेपटीकडे. मग चारही खूर लोखंडी आकड्यानं साफ करायचे. खुरातून निघणाऱ्या मातीच्या वडीवर नालेचा ठसा असतो, तो फुटू न देता बाजूला ठेवण्याची मला सवय लागली होती. मग साज चढवायचा, तोंडाचा साज झापडांसह. सोडताना गाडी आधी सोडायची, झापडं सगळ्यांत शेवटी. जुंपलेल्या घोड्याची झापडं कधीही काढायची नसतात. आपल्या मागे काय लागलंय ते त्याला दिसलं की तो पळत सुटतो. अण्णांनी पहिल्याच दिवशी मला हे तीनदा म्हणायला लावलं.

पंच कपडेही तपासत. माझा निळा कोट कोठीच्या बाजारातल्या एका शिंप्यानं शिवला होता. त्याचा मुख्य धंदा लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश. त्यानं बाह्यांवर सोनेरी पट्टी लावूनच दिली. काढा म्हटलं तर म्हणाला, "घोडे के पास खड़े होना बोले ना बेटी? फिर पट्टी तो होना." घरी आणून मी ती उसवली. शिवणीची भोकं बाह्यांवर शेवटपर्यंत राहिली.

फळी हातभर रुंद होती. तिच्यावर उभं राहून मागच्या लोखंडी नळीला धरायचं. समोर अण्णांची पाठ. चार हिवाळे मी एक पाठ पाहिली: कॉलरची घडी, मानेवरच्या दोन आडव्या वळ्या, डाव्या खांद्याखाली इस्त्रीतून राहून गेलेली एक सुरकुती. त्यांच्या पलीकडे घोडीचे कान, आणि त्यांच्या पलीकडे जे असेल ते.

स्पर्धेचा शेवटचा भाग शंकूंचा. मैदानात वीस गेटं मांडत. गेट म्हणजे दोन शंकू, उजवा लाल, डावा पांढरा, प्रत्येकाच्या माथ्यावर टेनिसचा चेंडू. चाक आणि शंकू यांच्यामध्ये वीतभर जागा. चेंडू पडला की गुण गेले. स्पर्धेआधी सगळ्यांनी पायी चालून वाट पाठ करायची. सुरुवातीच्या रेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत मागच्या माणसानं तोंड उघडायचं नाही आणि लगामाला हात लावायचा नाही. उतरायचंही नाही. त्याचे दोन्ही पाय जमिनीला लागले की गाडी बाद. इतर ठिकाणचे नियम वेगळे असतील, सेठच्या मैदानावर हे होते. वजन टाकायला मात्र मुभा होती. गाडी डावीकडे वळली की डावीकडे झुकायचं, म्हणजे डावं चाक उचललं जात नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात अण्णांनी एकदा चहा कपाच्या शेजारी ओतला. पुढच्या आठवड्यात त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागला, नंतर पुन्हा. कोठीतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. समोरचं दिसत राहतं, कडेचं जातं. गेलेलं परत येत नाही. थेंब घातले तर उरलेलं काही वर्षं टिकतं. दवाखान्याच्या जिन्यावर अण्णा माझा दंड धरून उतरले. खाली जुन्या पुस्तकांच्या गाड्यांपाशी थांबून म्हणाले, "हे मैदानावर बोलायचं नाही."

"आणि गाडी?"

"गाडी समोरच जाते."

गाडी समोर जात नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. गेटं कडेनं येतात. पुढच्याच रविवारी सातव्या गेटाकडे वळायची वेळ झाली आणि त्यांचे हात हलले नाहीत. मी बोलू शकत नव्हते. मी अर्धा क्षण आधीच उजवीकडे झुकले. फळी कलली, त्यांना ते बैठकीतून कळलं आणि लगाम वळला. चेंडू पडला नाही. त्यानंतर मी नेहमीच आधी झुकू लागले.

तिसऱ्या हिवाळ्यात केव्हातरी लक्षात आलं की लगाम सैल असतानाही घोडी वळते आहे. दोन चाकांच्या गाडीत मागचं वजन सरकलं की दांड्या सरकतात, आणि ते घोडीला पाठीवर कळतं. ती अण्णांच्या हातांची वाट पाहायची सोडून माझ्या पायांची वाट पाहू लागली होती. मी डाव्या टाचेवर भार दिला की डावीकडे. दोन्ही टाचांवर दिला की संथ. पंच अण्णांच्या हातांवर खूश होते. असा हलका हात आम्ही इथे पाहिला नाही, असं माइकवरून सांगितलं गेलं. त्यासाठी त्यांना एक कप मिळाला. तो फ्रिजवर ठेवला होता, थेंबांच्या बाटलीच्या बरोबर वर.

त्यांना हे कळलं होतं का, मी विचारलं नाही.

खाजाभाईंना कळलं होतं. एकदा साज पुसता पुसता ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "घोड़ी कू झापडां, साब कू बी झापडां. देखने वाली एकिच है, उसकू पीछे खड़ा कर दिये."

"खाजाभाई, किसी कू बोलना नक्को."

"मैं कायकू बोलूँ? मेरा पेट नहीं है क्या?" मग थोड्या वेळानं, "तुम्हारी शादी में इस घोड़ी पे कौन आता देखना है मेरेकू. तुम पीछे खड़े हुए बगैर ये चलती नहीं."

ते हसले. मीही हसले.

चौथ्या हिवाळ्यात नांदेडहून पत्र आलं. तिथल्या एका दैनिकात उपसंपादकाची जागा. छोटं दैनिक, छोटा पगार, पण कार्यालय होतं, टेबल होतं, संध्याकाळची पानं लावायची होती. फेब्रुवारीच्या तिसऱ्या मंगळवारी रुजू व्हायचं. मी पत्र अण्णांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "चांगलंय. जा." आणि रेडिओचा आवाज वाढवला.

जायचं तर माझ्या जागी कुणीतरी उभं राहायला हवं होतं. जानेवारीत खाजाभाई उभे राहिले. माझ्या दीडपट वजन, आणि ते झुकत ते सगळे झुकतात तसे, वळण सुरू झाल्यावर. घोडी दोन गेटं गेली. तिसऱ्याला तिला मागून काहीच कळलं नाही, पुढून लगाम उशिरा आला. ती सरळ मैदानाच्या कडेला मांडलेल्या पिंपांच्या रांगेत घुसली. अण्णा पडले. मनगटाला प्लास्टर. खाजाभाई मातीत बसून स्वतःच्या कपाळावर हात मारत होते आणि अण्णा त्यांना म्हणत होते, "घोडीला बघा आधी, घोडीला."

त्या दिवसानंतर फळीकडे नुसतं पाहिलं तरी माझ्या पोटऱ्या दुखायला लागायच्या. मी घरी स्वयंपाकघरात भांडी घासताना वाट पाठ करायचे. एक सरळ. दोन डावी. तीन डावीतून उजवी. झोपेतही टाचा दाबत असेन, कारण सकाळी अंथरूण पायाशी गोळा झालेलं असायचं. कपाटात नांदेडचं पत्र निळ्या कोटाच्या खिशात होतं. दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती असं नाही.

प्लास्टर निघालं. अण्णांनी त्या हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत नाव दिलं, मला न विचारता. रविवार होता. मंगळवारी मला नांदेडला पोचायचं होतं. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं आणि त्यांना ते माहीत होतं.

"ही शेवटची," ते म्हणाले.

"मागच्या वेळीही शेवटचीच होती."

"मग ही त्याच्यानंतरची शेवटची. उभी राहा, बाळ."

ऊन चढायला लागलं होतं. तंबूत उपम्याची पातेली उघडली होती, कढीपत्त्याचा वास मैदानभर होता. माइकवरचा माणूस तेलुगूतून आणि इंग्रजीतून आळीपाळीनं बोलत होता. आमचा नंबर पुकारला, घंटा वाजली. दहा गेटं चेंडू न पाडता गेली. मी मोजत होते. लगाम घोडीच्या पाठीवर सैल पडले होते, अण्णांची मान ताठ होती, आणि कुणीतरी टाळ्या वाजवत होतं.

अकरावं गेट डावीकडे होतं. झुकायची वेळ आली आणि मी झुकले नाही.

ते ठरवून झालं, असं मी अनेक वर्षं स्वतःला सांगत आले आहे. बातमी लिहायची तर एवढंच लिहिता येईल: मी दोन्ही पायांवर सरळ उभी राहिले. घोडी दोन पावलं सरळ गेली, मग संथ झाली, मग थांबली. तिनं कान मागे वळवले, माझ्याकडे. अण्णा वाट पाहत होते. तेही माझ्याच वजनाची वाट पाहत होते, हे तेव्हा मला त्यांच्या पाठीवरून दिसलं. त्यांनी लगाम डावीकडे खेचला नाही, उजवीकडेही नाही. त्यांना गेट कुठे आहे ते माहीत नव्हतं.

मी बोलले. "अण्णा, मी उतरते."

आणि दोन्ही पाय जमिनीवर ठेवले. घंटा लगेच वाजली, तीनदा. बाद.

माझा बेत साधा होता. उतरायचं आणि चालत सुटायचं, मैदानाच्या दारापर्यंत, दारातून रस्त्यापर्यंत, वडांखाली बस थांबते तिथपर्यंत. उरलेलं जगानं पाहून घ्यावं. खाजाभाई तंबूजवळ होते, पंच होते, कुणीतरी आलं असतं. मी दोन पावलं टाकलीही. पण उतरलेल्या मोतद्दाराची एक रीत असते. थांबलेल्या गाडीतून उतरला की तो आधी घोड्याच्या तोंडाशी जातो, मग दुसरं काय ते. चार वर्षं दिवसातून दहादा केलेली गोष्ट. माझे पाय दांडीच्या कडेनं पुढे गेले आणि हात लगामाच्या कडीत अडकला. घोडीनं नाक माझ्या कोटाला घासलं.

"तूच का?" अण्णांनी वरून विचारलं.

"हो."

"लोक बघतायत का?"

सगळे बघत होते. तंबूतले लोक द्रोण हातात धरून उभे होते, पंचांच्या टेबलाशी एक बाई तोंडावर हात ठेवून उभी होती.

"नाही," मी म्हटलं. "उपमा खातायत."

मी घोडीला हातात धरून मैदानाबाहेर आणलं. अण्णा वर बसून राहिले, हातात लगाम, पाठ ताठ. दारापाशी खाजाभाईंनी त्यांना उतरवून घेतलं. त्यांचे दोन्ही हात धरून, पायरी सांगत. "साब, नीचे. और एक. बस."

सोमवारी मी गेले नाही. त्या आठवड्यात अण्णांनी एकट्यानं घराबाहेर पडणं बंद केलं, म्हणजे थेंब आणायला, बँकेत, केस कापायला मीच त्यांचा दंड धरून जायला लागले. दैनिकानं महिनाभर वाट पाहिली. घोडी खाजाभाईंच्या ओळखीनं एका शाळेकडे गेली, मुलांना पाठीवर बसवून फिरवायला. मला तिथे जाववलं नाही. मैदान दोन वर्षांनी विकलं गेलं. भाषांतरं मी अजून करते, त्याच टेबलावरून, आणि दर काही ओळींनंतर आतल्या खोलीतून हाक येते.

गेल्या रविवारी मी गाडी क्लबहाऊससमोर उभी केली. अण्णा म्हणाले, मी बसतो, तू बघून ये. त्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. मी उतरले आणि चालत गेले. तबेल्याच्या जागी पोहण्याचा तलाव आहे. शंकूंच्या मैदानावर लहान मुलांची बाग, पायाखाली रबराच्या फरश्या, एक घसरगुंडी. मी अकरावं गेट शोधत होते आणि ते सापडणं शक्य नव्हतं. बागेच्या पलीकडे मागचं फाटक उघडं होतं, त्यातून चेवेळ्याचा रस्ता दिसत होता. एक बस गेली. मी बराच वेळ त्या फाटकाशी उभी राहिले.

मागून हॉर्न वाजला. एकदा. मग थोडं थांबून पुन्हा. चाचपडत त्यांनी स्टीअरिंग शोधलं असणार.

परत आले तर त्यांचा हात अजून हॉर्नवर होता.

"काय झालं?"

"काही नाही. वाटलं, गेलीस की काय."

"कुठे जाणार?"

अण्णा समोर, जिथे त्यांना काहीच दिसत नव्हतं, तिकडे तोंड ठेवून म्हणाले, "त्या दिवशी उतरलीस ना, तेव्हा मला तुझी पावलं ऐकू आली. मागे जाणारी. दोन. मला वाटलं, सुटली पोर. बरं वाटलं मला."

मी पट्टा लावत होते. थांबले.

"मग लगामाची कडी वाजली," ते म्हणाले.

"मग का नाही म्हणालात, की जा म्हणून?"

त्यांनी हॉर्नवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला. एक बाई तिच्या मुलाला घसरगुंडीकडे घेऊन जात होती, त्याच्या बुटांचा चरचर आवाज येत होता. अण्णा तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिले.

"मलाही खाली उतरायचं होतं," ते म्हणाले. "आणि पायरी कुठे आहे ते दिसत नव्हतं."